फिट थांबली, पण पाळीचं काय?

“मध्ये फिट आली होती का?” अकरा वर्षं डॉक्टर मला हा एकच प्रश्न विचारत आले. नाही म्हटलं की पुढच्या सहा महिन्यांच्या गोळ्या लिहून मोकळे. त्या काळात माझं वजन १४ किलोंनी वाढलं, पाळी तीन-तीन महिने येईना, हनुवटीवर केस आले. आईनं भात बंद केला, सासूबाईंनी नवस बोलला.

मी व्हॅल्प्रोएट घेत होते. फिट त्यानंच थांबल्या, हे नाकारत नाही. पण या औषधानं वजन वाढतं, पुरुषी संप्रेरकं वाढून पाळी बिघडू शकते. फिनलंडच्या डॉक्टरांनी १९९३ सालीच हे लिहून ठेवलंय. गर्भारपणात ते घेतलं तर दहातल्या साधारण एका बाळात जन्मतः व्यंग आढळतं. ब्रिटनमध्ये २०१८ साली नियम झाला, की मूल होऊ शकणाऱ्या बाईला ते द्यायचं तर धोका समजावून दरवर्षी तिची सही घ्यायची. मला कोणी नुसतं सांगितलंही नाही.

दुसऱ्या गोळ्यांची तऱ्हा वेगळी. फेनिटोइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन यांच्यामुळे यकृत संप्रेरकं भराभर निकालात काढतं. मग माला-डी नेमानं घेऊनही दिवस राहू शकतात. वर्षानुवर्षं घेतल्यानं हाडंही ठिसूळ होऊ शकतात. सरकारी दवाखान्यात एका खिडकीवर फिटची गोळी, दुसरीवर माला-एन, आणि दोन्ही घेणाऱ्या बाईला विचारणारं कोणी नाही.

पण सगळा दोष डॉक्टरांवर टाकून मी सुटणार नाही. १९९९ पर्यंत हिंदू विवाह कायद्यात वारंवार फिट येणं हे लग्न रद्द करण्याचं कारण होतं. कलमातून तो शब्द गेला, आईच्या मनातली भीती गेली नव्हती. लग्न जमवताना आजार लपवला. माझ्या गोळ्या शिकेकाईच्या डब्यात असत. पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले, तेव्हा बाईंनी नेमकं विचारलं, “दुसरं काही औषध चालू आहे?” सासूबाई शेजारी बसल्या होत्या. मी “नाही” म्हणाले.

म्हणून माझं म्हणणं आहे, फिटच्या गोळ्या घेणाऱ्या प्रत्येक बाईला आधी एकटीला आत बोलवा. पाळी, वजन, मूल हवंय की नको, हे विचारा आणि केसपेपरवर लिहा.

मैत्रिणींनो, हे वाचून गोळी आपल्या मनानं बंद करू नका. एकदम तोडली तर जिवावर बेतणारी फिट येऊ शकते. माझी गोळी डॉक्टरांनी हळूहळू बदलली, पाच महिने लागले. त्याआधी नवऱ्याला सांगावं लागलं. ते जास्त अवघड गेलं.