विहाराच्या अंगणातली हरळी



आषाढ पौर्णिमेपासून वर्षावास सुरू होतो. विहारात रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन असते. पण विठ्ठलवाडीच्या आमच्या वस्तीत त्याआधी प्रश्न उभा राहतो तो दाराशी साचणाऱ्या चिखलाचा. पांढरी साडी नेसून बाई घरून निघते आणि पायरीपर्यंत येता येता काठ चिखलाने भरतो. म्हातारी माणसे घसरतात. म्हणून एका वर्षी महिला मंडळाने वर्गणी काढून अंगणात गवत पेरायचे ठरवले. गळके पत्रे सोडून हे गवत कसले लावता, असे काहींनी ऐकवले. ते अगदीच चुकीचे नव्हते.

जूनच्या पहिल्या सरींनंतर आम्ही बी टाकले. चार दिवसांनी पावसाने रात्रभर झोडपले. सकाळी पाहतो तर सगळे बी मातीसकट गटाराच्या तोंडाशी गोळा झालेले! वर्गणी दिलेल्या बायांना तोंड दाखवायची लाज वाटली.

दोष पावसाचा कमी, आमचाच जास्त होता. पत्र्याला पन्हळ नव्हती, त्यामुळे छपराची सगळी धार पेरलेल्या जागेवरच पडत होती. शिवाय उघड्या मातीवर मोठे थेंब आपटले की बारीक माती उडते आणि वर पापुद्रा धरते. मग पाणी मुरत नाही, वरून धावते आणि हलके बी बरोबर नेते.

दुसऱ्या वर्षी आधी पन्हळ बसवली. भिंतीपासून बाहेर थोडा उतार दिला, कडेने वीतभर खोल चर खणला. बी टाकून फळीने दाबले. वर भाताचा पेंढा पसरला, पण विरळ, खालची माती दिसेल इतकाच. उताराच्या बाजूला किराणा दुकानातून आणलेली तागाची रिकामी गोणपाटे अंथरून बांबूच्या खुंट्या ठोकल्या. तागातून पाणी झिरपते, बी मात्र जागचे हलत नाही. कोंब दिसू लागताच गोणपाट अलगद उचलावे. उशीर केला तर कोंब विणीतून वर येतात आणि उपटले जातात. प्लास्टिकचा कागद रात्रीपुरता ठीक, ऊन पडताच काढावा, नाहीतर खाली बी कुजते. पावसाच्या तोंडावर युरिया टाकू नये, तो वाहून जातो. थोडे बी वाहिलेच, तर गाळासकट गोळा करून उघड्या जागी पुन्हा पसरावे.

ओल्या मातीवर पाय मात्र कोणी देऊ नये. त्यासाठी आम्ही विटांची पायवाट केली. पोरे ऐकेनात, तेव्हा त्यांना विनयातली गोष्ट सांगितली. भिक्खू भर पावसात चारिका करीत, त्यांच्या पायाखाली हिरवे गवत आणि बारीक जीव तुडवले जातात अशी लोकांनी कुरकुर केली. त्यावरून भगवान बुद्धांनी पावसाळ्यात एका जागी राहण्याचा नियम घातला. महावग्गात हे आहे. पोरांनी ऐकले, दोन दिवस तरी!

आता आम्ही बियाच्या भानगडीत पडत नाही. सरळ हरळीचे मुळासकट तुकडे चार-चार बोटांवर खोचतो. गावाकडे जिला निंदून निंदून आमच्या आयांची कंबर मोडली, तीच ही हरळी. प्रत्येक पेऱ्याला मूळ फुटते आणि माती धरून ठेवते. दहा-पंधरा दिवस जपले की मग साध्या मुसळधारेला ती दाद देत नाही.

अर्थात २६ जुलै २००५ सारखा दिवस उगवला तर कशाचाच इलाज नाही. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, इकडे उल्हास आणि वालधुनी दोन्ही फुगल्या. तेव्हा माणसे आणि भांडीकुंडी वाचवायची होती, गवत कोणाला आठवते? पुरानंतर गाळ मात्र लवकर खरवडून काढावा. त्याच्याखाली दबलेली हरळी पुष्कळदा जिवंत असते.

पत्र्यांची वर्गणी अजून पुरी झालेली नाही. मंडळाची वही खजिनदार ताईंकडे आहे.