मुका मार, बहिरं घर

पोरगं मोटरसायकलवरून घसरतं, कबड्डीच्या पकडीत डोक्यावर आपटतं, उसाच्या ट्रॉलीवरून खाली येतं. रक्त नाही, टेंगूळही लहानच. जमलेल्यांतला एखादा वडीलधारा निकाल देऊन मोकळा होतो, "कायी नाही झालं, मुका मार हाय." धर्मापुरीत, परळीत, अंबाजोगाईत, कुठेही जा, शब्द हाच. आणि शब्द मोठा नेमका आहे. जखम दिसत नाही, बोलत नाही, म्हणून मुकी. चूक शब्दात नाही, त्यातून काढलेल्या अर्थात आहे. जो मार बोलत नाही तो लागलाच नाही, असं आपण धरून चालतो.

डॉक्टर ज्याला कंकशन म्हणतात, तो मेंदूला बसलेला हादरा हा असाच मुका मार. त्यातून उठलेल्या पोराने शाळेत, शेतात, मैदानात परत कधी आणि कसं जायचं, यावर आपल्याकडे दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, 'ऊठ, चल.' दुसरा म्हणतो, 'हलू नको, पडून राहा.' दोघंही पोराच्या भल्यासाठीच बोलतात आणि दोघांचंही चुकतं.

आधी 'ऊठ, चल' वाल्यांचं म्हणणं पाहू. त्यांचे पुरावे तीन. शुद्ध हरपली नाही, उलटी झाली नाही, सीटी स्कॅन स्वच्छ आला. पण कंकशन झालेल्या बहुतेकांची शुद्ध हरपतच नाही. उलटी काहींना होते, काहींना नाही. राहिला स्कॅन. तो रक्तस्राव आणि हाडाची चीर शोधतो. हादऱ्यात बिघाड होतो तो मेंदूच्या कामकाजात. पेशींचं रासायनिक गणित विस्कटतं, ते पूर्ववत करायला जास्त ऊर्जा लागते, आणि नेमका त्याच वेळी रक्ताचा पुरवठा कमी पडू शकतो. गावाकडच्या माणसाला हे विजेच्या डीपीच्या भाषेत लगेच कळेल. व्होल्टेज पडलेलं असताना सगळ्यांनी एकदम मोटारी चालू केल्या की काय होतं, ते सांगायला इंजिनिअर लागत नाही. बाहेरून बघितलं तर डीपी मात्र धडधाकट.

"आमच्या वेळी डोकी आपटेपर्यंत कुस्त्या झाल्या, काय झालं?" हा चौथा पुरावा. झालं होतं, फक्त त्याची नावं वेगळी होती. 'तेव्हापासून पोरगं चिडकं झालं', 'अभ्यासातून मन उडालं', 'सारखं डोकं धरून बसतं', ही वाक्यं प्रत्येक गल्लीत ऐकलेली आहेत. डोक्याच्या माराशी त्यांचा संबंध जोडून पाहायचं राहून गेलं. अशा प्रत्येक तक्रारीमागे मारच असतो असं नाही, पण विचारायला तरी हवं होतं.

घाईची किंमत काय असते, हे अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने 2006 मध्ये पाहिलं. झॅकरी लिस्टेट हा 13 वर्षांचा मुलगा अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात डोक्यावर आपटला, थोडा वेळ बाहेर बसला आणि त्याच सामन्यात परत उतरला. सामना संपता संपता तो कोसळला. मेंदूतल्या रक्तस्रावातून वाचला, पण अधू होऊन. त्याच्या नावाने 2009 मध्ये कायदा झाला. संशय आला की खेळाडू बाहेर, आणि वैद्यकीय तज्ज्ञाच्या लेखी परवानगीशिवाय परत नाही. आपल्याकडचंच पाहायचं तर 31 जानेवारी 2025 ला पुण्याजवळच्या गहुंजेच्या मैदानावर क्रिकेटपटू शिवम दुबेच्या हेल्मेटवर चेंडू बसला. तो बाहेर गेला आणि त्याच्या जागी हर्षित राणाने येऊन 3 बळी घेतले. मग अष्टपैलूच्या जागी वेगवान गोलंदाज चालतो का, यावर पारावर आणि वाहिन्यांवर कडाक्याचे वाद झाले. पण नियमाचा गाभा त्या वादात हरवला. डोक्याला हादरा बसलेला माणूस त्या दिवशी परत खेळत नाही, आणि संघाचं नुकसान होऊ नये म्हणून क्रिकेटमध्ये 2019 पासून बदली खेळाडू मिळतो. लाखोंचा सामना ज्याच्यासाठी थांबत नाही पण ज्याला थांबवतो, त्या डोक्याची किंमत शाळेच्या पीटीच्या तासाला नसावी?

आता दुसरा पक्ष. हा जास्त मायाळू, म्हणून जास्त अवघड. पडदे ओढा, दप्तर माळ्यावर टाका, महिनाभर पोराला अंथरुणातून उठू देऊ नका. कधीकाळी डॉक्टरही असंच सांगत, त्यामुळे घरच्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण वैद्यकाने आपलं मत बदललं आहे, आणि तपासून बदललं आहे. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात 11 ते 22 वयाच्या मुलांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एकाला 5 दिवस कडक विश्रांती, दुसऱ्याला 1-2 दिवस विश्रांती आणि मग हळूहळू हालचाल. कडक विश्रांतीवाल्यांनी जास्त त्रास सांगितला, आणि तो जायलाही जास्त दिवस लागले. कॅनडात 5 ते 18 वयाच्या 2,413 मुलांची पाहणी झाली. पहिल्या 7 दिवसांत थोडीफार हालचाल सुरू केलेल्यांपैकी 24.6 टक्के मुलांचा त्रास महिन्यानंतरही टिकून होता. अजिबात न हललेल्यांत हेच प्रमाण 43.5 टक्के निघालं.

इथे चतुर माणूस म्हणेल, "ज्यांना कमी लागलं होतं तीच हिंडली असतील." शंका रास्त आहे. म्हणून 2019 मधला तिसरा अभ्यास पाहावा. 103 किशोरांपैकी काहींना त्रास वाढणार नाही इतपत चालणं-सायकलिंग, काहींना नुसतं अंग ताणणं, अशी वाटणी पुन्हा चिठ्ठीनेच झाली. पहिल्या गटातली निम्मी मुलं 13 दिवसांत बरी झाली, दुसऱ्यातली 17 दिवसांत.

शिवाय आपली विश्रांती ही विश्रांती तरी असते का? पुस्तक काढून घेतात आणि पडल्या पडल्या मोबाईल हातात देतात. पहिले 48 तास स्क्रीनपासून दूर राहिलेली मुलं लवकर बरी होतात, असं 2021 च्या एका प्रयोगात दिसलं. म्हणजे जे काढून घ्यायचं ते आपण देतो. आणि मित्र, अंगण, शाळेची वाट, जे थोडं थोडं द्यायचं ते काढून घेतो. मग पोरगं उदास झालं की म्हणतो, मार लई खोल आहे.

तर करायचं काय? पायरीने चढायचं. 2022 मध्ये ॲमस्टरडॅमला भरलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने हेच सूत्र मांडलं. पहिले 24 ते 48 तास सापेक्ष विश्रांती. म्हणजे घरात फिरणं, जेवणं, गप्पा चालतील. डॉक्टरांनी तपासून धोका नाही म्हटलं की झोपही चालेल, 'झोपू देऊ नका' हा जुना धाक सोडावा. मग 5 ते 15 मिनिटं वाचन किंवा हलकं काम, झेपलं तर वाढवायचं. पुढे घरी थोडा गृहपाठ, अर्धा दिवस शाळा, मग पूर्ण शाळा. खेळाकडे जाताना चालणं, सावकाश धावणं, एकट्याचा सराव, धक्का नसलेला संघाचा सराव, आणि डॉक्टरांनी तपासल्यावरच पकड-झटापट. या प्रत्येक पायरीवर निदान 24 तास. दहापैकी किती दुखतंय, हे पोरालाच विचारायचं. सुरुवातीच्या पायऱ्यांवर आकडा दोनाने वाढला आणि तासाभरात उतरला तर चालतं. त्याहून वाढला तर त्या दिवसापुरतं थांबायचं. शाळा पूर्ण होत नाही तोवर सामना नाही.

"हे शहरातल्या लोकांचे लाड. धर्मापुरीत कुठून आणायचा मेंदूचा डॉक्टर?" हा शेवटचा आक्षेप. पण या शिडीला यंत्र लागत नाही. घड्याळ, वही आणि ऐकणारं एक मोठं माणूस लागतं. वर्गशिक्षकाने खिडकीच्या उन्हातून बाक हलवावा, फळ्यावरचं उतरवून घ्यायची सक्ती महिनाभर करू नये, याला खर्च काय? डॉक्टर लागतो तो सुरुवातीच्या तपासणीला आणि शेवटच्या परवानगीला. मात्र उलट्या थांबेनात, डोकेदुखी वाढतच गेली, पोरगं नीट जागं होईना, झटके आले, जीभ जड झाली, एक बाजू लुळी वाटली, कानानाकातून रक्त किंवा पाणी आलं, तर शिडी बाजूला ठेवून 108 ला फोन करावा आणि अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय गाठावं.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती या पायऱ्या लिहिणाऱ्यांच्या कल्पनेत नव्हती. त्यांच्यासमोर मैदान होतं. आमच्या जिल्ह्यातल्या कित्येक पोरांसमोर उसाचा फड असतो. सोळा-सतराच्या पोराने मोळी उचलू नये हे खरं, आणि उचलतं हेही खरं. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणं म्हणजे तोल, मान आणि डोकं, तिन्हींची एकाच वेळी परीक्षा. हादऱ्यानंतर सर्वांत शेवटी करायचं काम तेच, आणि आपण ते दुसऱ्या दिवशी करवतो, कारण न गेलं तर खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे कापले जातात. इथे आईबापाला अडाणी म्हणणाऱ्याने आधी ऊसतोड टोळीच्या मुकादमाचा हिशेब वाचावा. तेव्हा पायऱ्यांची चिठ्ठी शाळेच्या भिंतीवर लावून भागणार नाही. डोक्याला मार लागलेल्या पोराचा दिवस खाडा धरला जाणार नाही, हे टोळी गाव सोडण्याआधी, मुकादमाकडून आगाऊ उचल घेतानाच ठरलं पाहिजे. पोराने दुखण्याचा आकडा खरा सांगावा असं वाटत असेल, तर तो सांगितल्याबद्दल घराचे पैसे कापले जाता कामा नयेत.