जवाहरनगरचे मरण कोणाच्या खात्यात?

24 जानेवारी 2025. सकाळी साडेदहाच्या सुमारास भंडारा जिल्ह्यातल्या जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला, छत कोसळले आणि किमान आठ कामगार गेले. त्यांत ऐन विशीतली पोरेही होती. देशात त्या दिवशी कुठेही युद्ध चालू नव्हते. दोनच दिवसांनी प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात शस्त्रास्त्रे दिमाखात मिरवली गेली.

1962 च्या पराभवानंतर देशाने दारूगोळ्याची जी तजवीज केली, तिच्यातून 1964 साली ही निर्माणी भंडाऱ्यात आली. त्या काळी सरकार नागरिकांकडे उघडपणे मागत असे. राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी बायकांनी अंगावरचे दागिने उतरवून दिले. 1965 मध्ये शास्त्रीजींनी सोमवारचे रात्रीचे जेवण सोडायला सांगितले, तेव्हा अनेक घरांत त्या रात्री चूल पेटली नाही. वाटा तेव्हाही सारखा नव्हताच. 1963 च्या सुवर्ण नियंत्रणाने दागिने 14 कॅरेटवर आणले. त्यात श्रीमंताची हौस गेली, सोनाराचा मात्र धंदाच बसला. तरीही आपल्याकडून काही मागितले गेले आहे, हे घराघरांत ठाऊक होते.

आता कोणी मागत नाही. मे 2025 मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’च्या दिवसांत आपण रात्रभर टीव्हीसमोर बसलो, मोबाइलवर तिरंगा लावला, आणि आपले कर्तव्य झाले असे समजलो. पण तोफेत भरायची दारू कोणीतरी तयार करतेच, आणि ते हात साहुलीसारख्या आसपासच्या गावांतलेही असतात. युद्ध असो वा नसो, त्यांची जोखीम रोजचीच. याच निर्माणीत जानेवारी 2024 मध्येही स्फोटात एक कामगार गेला होता.

आमचा आक्षेप इथे आहे. सीमेवर पडलेल्याला आपण हुतात्मा म्हणतो, तो मान योग्यच आहे. दारू बनवताना मेलेल्याची नोंद मात्र ‘कारखान्यातील अपघात’ अशी होते. 7 डिसेंबरचा ध्वजदिन निधी सैनिक, माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी असतो; निर्माणीचा कामगार त्यात कुठेच बसत नाही. 2025 च्या स्फोटानंतर भरपाई आणि नोकरीसाठी नातेवाइकांना आवाज उठवावा लागला. बाकीचा जिल्हा श्रद्धांजली वाहून मोकळा झाला.

झळ वाटून घ्यायची म्हणजे प्रत्येकाने दारूच्या खोलीत जावे, असे कोणी म्हणत नाही. पण चौकशीत काय निघाले, धोक्याच्या कामावर शिकाऊ मुले का असतात, कंत्राटी कामगाराला कायमच्याएवढेच संरक्षण आहे का, हे विचारायला कोणती हिंमत लागते? संरक्षणाचे काम म्हणून काही गोष्टी गुप्त राहणार, हे मान्य. छत किती मजबूत होते, हे गुपित असू शकत नाही. आणि सुरक्षेवर खर्च वाढला, दारूगोळा महागला, तर तो भार करदात्यांनी कुरकुर न करता उचलायला हवा.

26 जानेवारीला गावोगाव ग्रामसभा भरतात. घरकुल, नाल्या, रस्ते हे विषय असतीलच. जवाहरनगरच्या आसपासच्याच नव्हे, तर तुमसर, साकोली, पवनीच्याही ग्रामसभांनी हे प्रश्न ठरावात घालून जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि खासदारांकडे पाठवावेत, आणि उत्तर येईपर्यंत दर सभेत तो विषय पुन्हा काढावा.