हिशोब बरोबर, सांगणे चूक
(द्वितीय वर्ष, वाणिज्य)

आमच्या अभ्यासक्रमात व्यावसायिक संज्ञापन नावाचा विषय आहे. तोंडी, लेखी आणि दृश्य अशी माध्यमांची वर्गवारी, प्रत्येकाचे पाच फायदे आणि पाच तोटे. परीक्षेत मी ते लिहिले व गुणही मिळाले. पण त्या विषयाचा खरा धडा मला मार्केट यार्डातील आमच्या अडत दुकानात मिळाला. तो जरा महागात पडला म्हणून येथे सांगतो.

बैलहोंगलकडचे एक वयस्क शेतकरी आमच्याकडे कित्येक वर्षे कांदा आणीत. आम्ही त्यांना गौडर म्हणायचो. एका हंगामात त्यांच्या मुलाने बियाण्यासाठी पाच हजारांची उचल नेली. बाबांनी ती गौडरांना फोनवर कानडीत सांगितली. पलीकडून उत्तर आले, "हूंन री." पुढे कांदा विकला गेला, पट्टी झाली. हमाली आणि तोलाईच्या खाली बाबांच्या धावत्या मराठी अक्षरात 'उचल वजा' असे लिहिले होते. गौडरांनी पैसे मोजून घेतले, पट्टीची घडी खिशात घातली आणि निघून गेले. पुढच्या हंगामात त्यांची गाडी दुसऱ्याच गाळ्यासमोर उभी राहिली.

मला राहवले नाही. मी जाऊन विचारले. त्यांनी तीच घडी खिशातून काढली, त्या ओळीवर बोट ठेवले आणि म्हणाले, "इदेन री?" मी ती ओळ कानडीत वाचून दाखवली. ते बराच वेळ गप्प राहिले. मुलाने पैसे नेल्याचे त्यांना ठाऊकच नव्हते. फोनवरचे 'हूंन री' म्हणजे 'ऐकतो आहे' एवढेच होते. बाबांनी ते 'कबूल आहे' असे धरले. आमचा हिशोब पैशापैशाने बरोबर होता. चुकले ते सांगणे. गौडरांनी मला चहा पाजला, पण त्यांचा कांदा काही आमच्याकडे परत आला नाही.

माध्यम निवडताना आपण बहुधा स्वतःची सोय पाहतो. बोलणाऱ्याला फोन सोपा, लिहिणाऱ्याला स्वतःची लिपी सोपी. माझ्या मते विचारायला हवेत ते दोनच प्रश्न. गैरसमज झाला तर नुकसान कोणाचे? आणि समोरच्याला उलट विचारण्याची सोय आहे का? घासाघीस तोंडीच व्हावी, कारण तिथे उलट विचारता येते. पण ठरलेला भाव, वजन आणि वजावट कागदावर यावी, आणि तीही वाचणाऱ्याच्या लिपीत.

आपल्या बाजारांचा इतिहासही हेच सांगतो. पूर्वी हत्त्याची पद्धत होती. रुमालाखाली अडत्या आणि खरेदीदार एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत. त्या दोघांपुरते पाहिले तर याहून नेमके आणि जलद माध्यम नसेल! मात्र ज्याचा माल तो शेतकरी शेजारी नुसता उभा. 1939 साली मुंबई इलाख्यात शेतमालाच्या बाजारांसाठी कायदा झाला. बेळगाव जिल्हा तेव्हा त्याच इलाख्यात होता. नियंत्रित बाजारात उघड लिलाव आला तो केवळ शिस्तीसाठी नव्हे, तर मालाच्या धन्याला भाव ऐकू यावा म्हणून.

आणि ऐकून घेण्याची जागाच नसेल तर काय होते, हे निपाणीने पाहिले आहे. 1981 च्या मार्च-एप्रिलमध्ये तंबाखूच्या भावासाठी शेतकरी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली पुणे-बंगळूर महामार्गावर ठिय्या देऊन बसले. 6 एप्रिलला गोळीबार झाला आणि त्यात शेतकरी मृत्युमुखी पडले. त्या प्रश्नाची मुळे अर्थातच भावात आणि व्यापाराच्या पकडीत होती. सगळे खापर संज्ञापनावर फोडणे भाबडेपणाचे ठरेल. पण वखारीच्या दाराशी ज्याचे म्हणणे ऐकले जात नाही, तो ते शेवटी रस्त्यावर येऊन सांगतो, एवढे खरे.

मी घरी सुचवले, पट्टीवर मराठीबरोबर कानडी मथळेही छापून घेऊ. बाबा म्हणाले, "चाळीस वर्षं असंच चाललंय की रे. कुणाचं अडलंय?" मी गौडरांचे नाव घेतले. ते काही बोलले नाहीत, पण पुढचे पट्टीबुक दोन्ही लिप्यांत छापून आले. आकडे आम्ही 1, 2, 3 असेच लिहितो. मराठी आणि कानडी अंक वेगळे असले तरी हे दोघांनाही वाचता येतात. फोनवर रक्कम सांगितली की ती समोरच्याकडून एकदा वदवून घेतो. ज्यांना वाचता येत नाही त्यांना व्हॉट्सॲपवर कानडीत बोलून पाठवतो आणि पट्टीचा फोटोही जोडतो. खर्च म्हणावा तर छपाईचा थोडासा.

कोणी म्हणेल, यात आपल्या भाषेचा कमीपणा नाही का? मला तसे वाटत नाही. खानापूरकडच्या माझ्या आजीच्या हाती केवळ कानडीत लिहिलेली नोटीस येते, तेव्हा तीही ती घडी करून ठेवते आणि मी येईपर्यंत काळजीत राहते. भाषिक अल्पसंख्याक 15 ते 20 टक्के असतील त्या भागात महत्त्वाच्या सूचना त्यांच्याही भाषेत द्याव्यात, असे केंद्र सरकारच्या 1956 च्या निवेदनात म्हटले आहे. आजीसाठी जे मागायचे, ते गौडरांना नाकारायचे कोणत्या तोंडाने? सीमाप्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नाही. पट्टी कोणत्या लिपीत लिहावी याचे मात्र आहे.

शेवटी आमच्या प्राध्यापकांना एक नम्र विनंती. या विषयाच्या तासाला इंग्रजी चौकशीपत्राबरोबर एक पट्टी मराठीत आणि कानडीत लिहून घ्यावी, व ती शेजारच्या बाकावरील परभाषी मित्राकडून वाचून घ्यावी. आणि मित्रहो, या अंकाचा कन्नड विभाग याच बांधणीत आहे. तीन वर्षांत मी तो एकदाही उघडला नव्हता. यंदा उघडणार आहे. तिकडच्या कोणी हे पान उघडले, तर माझे म्हणणे पोहोचले असे समजेन.