घड्याळ त्यांचं, हाडं आमची

वेगमर्यादा हा जुलूम आहे म्हणून सध्या कोण बोंबलतंय, जरा कान देऊन ऐका. ज्याच्या बुडाखाली पंचवीस लाखांची गाडी आहे तो बोंबलतोय. मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वेवर सपाटीला शंभराची मर्यादा, घाटात त्याहून कमी. कॅमेऱ्याने टिपलं, मोबाइलवर दोन हजारांचं चलान पडलं की साहेबांना एकदम लोकशाही आठवते. ‘ही वसुली आहे’, ‘हा सापळा आहे’, ‘आम्ही काय गुन्हेगार आहोत का?’ ज्याच्या सात पिढ्यांनी पोलिसाची लाठी फक्त दुसऱ्याच्या पाठीवर बघितली, त्याला खांबावरचा कॅमेरा म्हणजे अत्याचार वाटतो. दोस्तहो, याच्या रडगाण्यात आपला सूर मिसळू नका. त्याचं भांडण वेगळं आहे. त्याला मर्यादाच नको आहे. रस्त्यावरही नको आणि रस्त्याबाहेरही नको.

मीही ड्रायव्हर आहे. तीन वर्षं झाली, पाठीला डबा बांधून बाइक मारतो. चलानं मलाही पडतात. म्हणून बोलायचा हक्क मला त्या साहेबापेक्षा जास्त आहे.

आधी आपल्यातल्याच काही साथींचा हिशेब करतो. ते म्हणतात, पोलीस गरिबालाच गाठतात, तेव्हा मर्यादा, कॅमेरे, चलान सगळंच उखडून टाका. ऐकायला विद्रोही वाटतं, पण भंकस आहे. घाटकोपर-मानखुर्द लिंक रोडवर या. एका अंगाला शिवाजीनगर, बैंगनवाडी. शाळा सुटते तेव्हा दप्तरं पाठीला लावलेली पोरं दुभाजकावर चढून उभी असतात आणि दोन्ही बाजूंनी डंपर, ट्रेलर, टँकर सुटलेले असतात. साठच्या वेगाने चाललेली गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर पुढे जाते. ड्रायव्हरच्या डोक्यात ‘पोरगं!’ एवढं उमटून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच ती तेवढी गेलेली असते. चाळीसने चालली असेल तर अकरा मीटर. आणि धडकेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. चाळीसचे साठ केले की वेग दीडपट, जोर सव्वादोनपट. या गणिताला जात नाही. पण त्या दुभाजकावर कोण उभं असतं त्याला आहे. मलबार हिलचं पोरगं रस्ता ओलांडायला दुभाजकावर चढत नाही.

केंद्राच्या रस्ते खात्याचा 2022 सालचा अहवाल आहे. त्या एका वर्षात देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली. त्यातली 44.5 टक्के दुचाकीवरची, 19.5 टक्के पायी चालणारी. म्हणजे शंभरातली चौसष्ट माणसं अशी, की ज्यांच्या भोवती पत्र्याची पेटीसुद्धा नव्हती. वेगमर्यादा ही या चौसष्टांची ढाल आहे. ती मोडून काढा म्हणणारा साथी माझा साथी नाही. मी तर म्हणतो, वस्तीला लागून जाणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर मर्यादा अजून खाली आणा.

मग अन्याय कुठंय? पाटीवर जो आकडा लिहिलाय त्यात नाही. अन्याय आहे तो चलान कुणाच्या नावाने फाटतं त्यात.

माझा हिशेब सांगतो. 2021 पासून या देशाच्या शहरांत ‘दहा मिनिटांत घरपोच’चं खूळ आलं. समजा, गोदामापासून गिऱ्हाइकाचं घर तीन किलोमीटर. सामान पिशवीत पडायला दोन मिनिटं. सोसायटीच्या गेटवर वॉचमन नाव, नंबर, फ्लॅट लिहून घेतो, वर फोन करून विचारतो, एक मिनिट, नशीब खराब असेल तर दोन. मग लिफ्ट. मेन लिफ्टवर पाटी असते, डिलिव्हरीवाल्यांनी मागची वापरावी. (ही पाटी वाचताना आमच्या आज्याला आठवणारा पाणवठा मला आठवतो, मी पाहिलेला नसूनही.) मागच्या लिफ्टमधून कचऱ्याचे डबे उतरत असतात, ती वर यायला दोन मिनिटं. दहातली सहा गेली. उरली चार. तीन किलोमीटर चार मिनिटांत म्हणजे ताशी पंचेचाळीसची सरासरी. सरासरी! सिग्नल, खड्डे, मेट्रोचे पत्रे, गणपतीचे मांडव सगळं धरून. मधे एका सिग्नलला साठ सेकंद थांबलो तर उरलेल्या तीन मिनिटांत साठने हाकायचं. रस्त्यावरची पाटी म्हणते चाळीस. सांगा, कायदा कुठल्या मिनिटात पाळू?

कंपनी म्हणते, आम्ही रायडरला टायमर लावतच नाही. खरं आहे, माझ्या मोबाइलवर काटा फिरत नाही. तो गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर फिरतो. माझ्याकडे फक्त दर आहे. एका ऑर्डरचे एवढे, इतक्या ऑर्डरी झाल्या तर वर इन्सेंटिव्ह, एक कमी पडली तर इन्सेंटिव्ह बोंबलला. चाबूक नाही, पण दाणाच असा टांगलाय की बैल आपण होऊन धावतो. आणि बाइक माझी, तिचा हप्ता माझा, पेट्रोल माझं, रेनकोट माझा, चलान माझं, हाडंही माझी. कंपनीची रस्त्यावर एकच वस्तू आहे, ते घड्याळ. आणि घड्याळाला नंबरप्लेट नसते, म्हणून कॅमेऱ्यात ते येत नाही.

आता कायदा काढा. 1988 चा मोटार वाहन कायदा, कलम 183. बहुतेकांना त्याचं एकच टोक माहीत आहे: वेगात चालवलं की हलक्या गाडीला एक ते दोन हजार, मध्यम आणि जड गाडीला दोन ते चार हजार. 2019 च्या दुरुस्तीने वाढवलेले हे आकडे. पण कलम तिथं संपत नाही. जो स्वतः चालवतो तो तर दोषीच, पण जो आपल्या नोकरीतल्या किंवा आपल्या ताब्याखालच्या माणसाला मर्यादेबाहेर चालवायला लावतो तोही तितकाच दोषी, असं त्याच कलमात लिहिलंय. ‘तो आमचा नोकर नाही, पार्टनर आहे’ ही कंपनीची पळवाट इथं बुजते, कारण कायद्याला नुसता ताबा पुरतो. आणि ज्या अॅपने मी कुठं जायचं, काय उचलायचं, कधी बंद पडायचं हे ठरतं, तो ताबा नाही तर काय आहे, राखीबंधन?

पुढं वाचा. पोटकलम चार. एखादा प्रवास अमुक वेळात पुरा होईल असं वेळापत्रक कुणी प्रसिद्ध केलं, किंवा तसा हुकूम दिला, आणि वेगमर्यादा न मोडता तेवढ्या वेळात तो होणंच शक्य नाही असं कोर्टाला वाटलं, तर ते वेळापत्रक हाच ते काढणाऱ्याविरुद्धचा प्रथमदर्शनी पुरावा. दोस्तहो, हे मी म्हणत नाही, भारताच्या संसदेने म्हटलंय. बस-लॉरीच्या मालकांना आवरायला लिहिलेली ओळ, आजच्या मालकाच्या अंगाला शिंप्याने माप घेतल्यासारखी बसते. वर्षानुवर्षं हा पुरावा शहराच्या प्रत्येक होर्डिंगवर वीस फूट उंचीच्या अक्षरांत टांगलेला होता. माझा खांबाआडचा नंबर टिपणाऱ्या कॅमेऱ्याला तो दिसला नाही. 2026 च्या जानेवारीत केंद्राच्या कामगारमंत्र्यांनी कंपन्यांना समजावलं आणि जाहिरातीतली दहा मिनिटं उतरायला लागली. पुरावा भिंतीवरून उतरवला म्हणजे काय झालं? दर तोच आहे, इन्सेंटिव्ह तोच आहे.

इथं मला चाळीसगाव आठवतं. 1929 साल. सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीवर बाबासाहेब होते. एका गावच्या बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगाव स्टेशनवर उतरले. महारवाड्यातल्या लोकांनी त्यांना न्यायला टांगा ठरवला. पण महाराला बसवून टांगा हाकणं टांगेवाल्याच्या इभ्रतीत बसेना. तो म्हणाला, टांगा घ्या, भाडं द्या, हाकणार नाही. पाहुण्याला पायी नेणं आपल्या लोकांना पटेना. तेव्हा ज्याने कधी टांगा हाकला नव्हता असा आपल्यातलाच एकजण लगाम घेऊन बसला. नदीवरच्या मोरीवर चाक अडकलं, बाबासाहेब दगडी फरशीवर आदळले, पाय मोडला, घोडागाडी खाली नदीत गेली. त्यांनी स्वतः हे लिहून ठेवलंय.

आजचा पंचनामा लिहिणारा हवालदार तिथं असता तर त्याने काय लिहिलं असतं? ‘चालकाचा निष्काळजीपणा.’ बास. भाडं खिशात घालून बाजूला उभा राहिलेला टांगेवाला त्या कागदावर आलाच नसता. ज्या हजार वर्षांनी त्याला टांग्यावरून खाली उतरवलं ती तर नाहीच नाही.

सरकारी अहवालातही तेच. त्याच 2022 च्या वर्षात मेलेल्यांपैकी 71.2 टक्के ‘अतिवेगा’च्या खात्यात टाकलेत. बाकीचे रकाने दारूचे, उलट्या बाजूने येण्याचे, लाल सिग्नलचे, मोबाइलचे. सगळे रकाने स्टिअरिंगपाशी येऊन थांबतात. ‘मालकाची घाई’ असा रकाना नाही. ‘सोळा तास झोप नाही’ असा नाही. 2024 च्या जानेवारीत ट्रकवाल्यांनी चाकं थांबवली ती याच कारणाने. नव्या न्याय संहितेत अपघात करून, न कळवता पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंतची शिक्षा लिहिली, आणि थांबलो तर जमाव जिवंत ठेवील का, याबद्दल एक ओळ नाही. संपानंतर ते पोटकलम बाजूला ठेवावं लागलं.

आणि स्टिअरिंगवर मालकच असेल तर? 19 मे 2024 ची पहाट, पुण्याचं कल्याणीनगर. पोर्शे गाडी, सतरा वर्षांचा पोरगा, बाइकवरचे दोन तरुण इंजिनिअर जागच्या जागी खलास. काही तासांत जामीन, अटींमधे एक अट अपघातावर तीनशे शब्दांचा निबंध. बोंब उठल्यावर हुकूम फिरवला, ते सोडा. (हा लेख त्याच्या कितीतरी पट आहे. माझ्या खात्यावर चार-पाच जामीन जमा धरा.) त्या प्रकरणात पोलिसांनी जे आरोप ठेवले त्यातला एक नीट वाचा. घरच्या ड्रायव्हरला डांबून ठेवलं आणि ‘गाडी मीच चालवत होतो’ असं सांग म्हणून दबाव आणला. कळलं ड्रायव्हर कशासाठी पगारावर ठेवतात? गाडी चालवायला तर ठेवतातच. वेळ आली तर गुन्हाही त्यानेच चालवायचा.

दंड सगळ्यांना सारखा, याला हे लोक समानता म्हणतात. दोन हजार रुपये त्या साहेबाचं एका संध्याकाळचं बिल आहे, टेम्पोवाल्याचं आठवड्याचं रेशन. पहिल्यासाठी तो दंड नाहीच, वेगात जायचं तिकीट आहे. फिनलंड नावाचा देश आहे, तिथं अशा गुन्ह्याचा दंड कमाई बघून ठरतो. 2002 साली नोकिया कंपनीच्या एका बड्या अधिकाऱ्याला पन्नासच्या हद्दीत पंच्याहत्तरने मोटरसायकल मारली म्हणून 1,16,000 युरो ठोकले. पुढं अपिलात कमी झाले, पण आकडा बघून घ्या. आमच्याकडे असा कायदा आणा म्हटलं की समानतेचे सगळे भक्त समाधी लावतील.

बरं, वेग वाईटच म्हणावा तर तसंही नाही. या मुंबईत वेगासाठी खास रस्ते बांधलेत. 2024 च्या जानेवारीत अटल सेतू उघडला, मोटारीला शंभरची मुभा. त्याच मार्चमधे कोस्टल रोड, सरळ पट्ट्यावर ऐंशी, वर टोलही नाही. दोन्हींवर दुचाकीला बंदी, रिक्षाला बंदी. सुरक्षेसाठी, म्हणतात. असेल. पण पैसा सगळ्यांचा, वेग मोटारवाल्याचा, आणि माझ्या वाट्याला खालचा खड्ड्यांचा रस्ता, जिथं चाळीसची पाटी आहे आणि दहा मिनिटांची मुदत आहे.

गेल्या लोक अदालतीची नोटीस मला आली होती. गेलो. रांगेत सगळे आपलेच, टेम्पोवाले, रिक्षावाले, पाठीला डबा असलेले. टेबलापाशी कलम 183 ची झेरॉक्स पुढं केली. म्हटलं, चलान भरतो, वेगात होतोच, नाकारत नाही. पण पोटकलम चार बघा आणि दुसरी नोटीस कंपनीला काढा. टेबलामागच्या बाईंनी कागद वाचला. दोनदा वाचला. मग म्हणाल्या, “हे इथं होत नाही हो. थोडं कमी करून देते, भरून टाका आणि मोकळे व्हा.” मी मोकळा झालो नाही. चलान अजून तसंच आहे.

ज्यांच्या मोबाइलवर असे मेसेज पडलेत त्यांनी ते पुसू नका. त्या दिवशीच्या त्या वेळेच्या ऑर्डरचा स्क्रीनशॉट शोधा: किती वाजता पडली, किती किलोमीटर, गिऱ्हाइकाला किती मिनिटं दाखवली. एकट्याचा कागद टेबलावरून परत येतो. पन्नासांचा गठ्ठा घेऊन मॅजिस्ट्रेटपुढे तक्रार लावायची आहे, वकील साथी तयार आहेत. रविवारी संध्याकाळी सातला बुद्धविहाराच्या मागच्या खोलीत बसतोय. येताना आरसी बुकाची झेरॉक्स आणा, आणि हळू या.