दुसऱ्या श्रेणीची तुटकी शिडी

भारतातील दुसऱ्या श्रेणीच्या फुटबॉलचा २०२४-२५ चा हंगाम मैदानावर संपला तो एप्रिल २०२५ मध्ये. त्याचा निकाल मात्र लागला जुलै महिन्यात, आणि तोही स्वित्झर्लंडमधील लोझान येथील क्रीडा लवादापुढे. आय-लीग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या स्पर्धेत १२ संघांनी प्रत्येकी २२ सामने खेळले. अखेरच्या दिवशी गोव्याचा चर्चिल ब्रदर्स ४० गुणांनी अग्रस्थानी होता, तर इंटर काशी ३९ गुणांवर थांबला होता. नामधारी या संघाने एका सामन्यात अपात्र खेळाडू उतरविला किंवा कसे, आणि त्या सामन्याचे गुण कोणाच्या पदरात पडावेत, या एका प्रश्नावर सारे विजेतेपद लटकले. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने चर्चिलला विजेता घोषित केले. लवादाने तो निर्णय फिरवून इंटर काशीच्या गळ्यात माळ घातली. या माळेबरोबर पहिल्या श्रेणीत, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, प्रवेश मिळत असल्याने भांडण केवळ मानाचे नव्हते, हे उघड आहे. गंमत अशी की, काशीचे नाव मिरविणारा हा संघ आपले घरचे सामने बनारसमध्ये नव्हे, तर पश्चिम बंगालमधील कल्याणी येथे खेळत आला होता.

या गदारोळात महाराष्ट्राचे नाव कोठेच आले नाही, याचे कारण महाराष्ट्राचा संघच त्या बारांत नव्हता. मिझोरामचा होता, मेघालयचा होता, काश्मीरचा होता, राजस्थानचा होता. गोव्यासारख्या चिमुकल्या राज्याचे तर दोन होते. ज्या मुंबईत रोव्हर्स चषकाची स्पर्धा १८९१ साली सुरू झाली, ज्या मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करून भारताला उपांत्य फेरीत नेले, त्या मुंबईचे राज्य देशाच्या दुसऱ्या श्रेणीतून अदृश्य व्हावे, ही गोष्ट क्रीडापृष्ठाच्या कोपऱ्यात टाकून देण्याजोगी नाही. पहिल्या श्रेणीत मुंबई सिटी हा संघ आहे आणि त्याने विजेतेपदेही मिळविली आहेत, असे यावर कोणी सांगेल. ते खरेच आहे. परंतु शिखरावर एक दिवा लावला म्हणजे डोंगराची वाट उजळते असे नव्हे. जळगाव किंवा धुळ्याच्या मुलाचा प्रश्न शिखराचा नाही, वाटेचा आहे; आणि ती वाट दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीतूनच जाते.

दुसरी श्रेणी म्हणजे दुय्यम दर्जाच्या संघांची अडगळ, अशी जी समजूत आपल्याकडे रूढ आहे ती मुळातच चुकीची आहे. फुटबॉलच्या जगात या श्रेणीला अर्थ प्राप्त होतो तो बढती आणि पदावनती या दोन नियमांमुळे. कचेरीत काम करणाऱ्यास हे शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. फरक इतकाच की, येथे सेवाज्येष्ठता चालत नाही आणि वशिला चालू नये अशी अपेक्षा असते. वर्षभर चांगला खेळ करील तो वर जाईल, वाईट खेळेल तो खाली येईल. हा नियम असतो म्हणून गुणतक्त्याच्या तळाशी असलेल्या दोन संघांचा सामनादेखील गावाला जीवनमरणाचा वाटतो.

रशियाच्या दुसऱ्या श्रेणीचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. बाल्टिक किनाऱ्यावरील कालिनिनग्राड आणि चीनच्या सीमेलगतचे खाबारोव्स्क ही दोन्ही शहरे या श्रेणीत एकमेकांविरुद्ध खेळली आहेत. त्यांच्यातील अंतर सुमारे सात हजार किलोमीटर. एवढ्या दूरचे संघ एका तक्त्यात बांधून ठेवणे ही सोपी गोष्ट नव्हे. पण त्याच रशियाने दुसरी बाजूही दाखविली. २०१८ च्या मे महिन्यात तोस्नो या छोट्या गावाच्या संघाने दुसऱ्या श्रेणीतील कुर्स्कच्या संघाला हरवून रशियन चषक जिंकला, आणि पुढच्याच महिन्यात पैशाअभावी तो संघ विसर्जित झाला. त्याच वर्षी विश्वचषकासाठी सारान्स्क येथे भव्य क्रीडागार उभे राहिले. दोन वर्षांत तेथील मोर्दोव्हिया हा क्लबच मोडला. क्रीडागार राहिले, क्लब गेला. हे वाक्य वाचून ज्याला पुण्याची आठवण होणार नाही, त्याने महाराष्ट्रातील फुटबॉल पाहिलेला नाही असेच म्हणावे लागेल.

पुण्याजवळ बालेवाडी येथे १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी श्री शिवछत्रपती क्रीडानगरी उभारण्यात आली. पिरामल उद्योगसमूहाने २००७ साली पुणे एफ.सी. हा संघ स्थापन केला. दुसऱ्या विभागातून रीतसर बढती मिळवून तो २००९ मध्ये आय-लीगमध्ये आला, पदार्पणातच तिसरा आला आणि २०१२-१३ मध्ये उपविजेता ठरला. त्याने मुलांची अकादमीही चालविली. असा हा सर्वांगांनी नेटका संघ २०१५ नंतर आय-लीगमध्ये दिसला नाही. त्याच गावात कल्याणी समूहाने भारत एफ.सी. नावाचा संघ २०१४-१५ मध्ये उतरविला. एका हंगामातच त्याचा अवतार संपला. मग बांधकाम व्यवसायातील डी.एस.के. समूहाचा शिवाजियन्स आला. २०१७ मध्ये तोही मिटला. सुपर लीगमधील एफ.सी. पुणे सिटी २०१४ पासून खेळत होता. २०१९ मध्ये त्याने गाशा गुंडाळला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. पाच वर्षांच्या आत एका शहरातील चार संघ नाहीसे झाले. एकाही संघाला त्याच्या खेळाने संपविले नाही. सगळे मालकांच्या हिशेबाने संपले. बालेवाडीचे प्रेक्षागार आपल्या जागी आहे.

मुंबईची कथा याहून जुनी आहे. टाटा, मफतलाल, ऑर्के, एअर इंडिया, महिंद्र, मध्य रेल्वे, पश्चिम रेल्वे अशा संघांनी एके काळी हार्वुड लीग गाजविली. गिरणी, कंपनी किंवा रेल्वे खेळाडूला नोकरी देत असे आणि तो संध्याकाळी कूपरेजवर खेळत असे. ही पद्धत आदर्श नव्हती. पण तिच्यात एक गोष्ट होती, खेळाडूच्या घरी चूल पेटत होती. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावाला तिचे मोल सांगावयास नको. पुढे व्यावसायिक क्लबांचे युग आले. महिंद्र युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये कंपनीने संघ बंद केला. एअर इंडिया आणि ओएनजीसी हे संघ २०१३ मध्ये क्लब परवान्याच्या अटींत बसेनात म्हणून बाहेर पडले. कूपरेजचे नूतनीकरण चालू असताना मुंबईच्या संघांना घरचे सामने खेळण्यासाठी पुण्याची वाट धरावी लागत असे. ज्या संघाचे घर दीडशे किलोमीटरांवर, त्याला प्रेक्षक तरी कोठून मिळावेत?

मालकाच्या एका सहीने संस्था कशी थंड पडते हे खानदेशाला कोणी शिकवावे असे नाही. जळगावची खानदेश मिल आणि धुळ्याची न्यू प्रताप मिल यांचे भोंगे ज्यांनी ऐकले, त्यांनी ते बंद पडलेलेही अनुभवले. गिरणी बंद पडली तेव्हा निदान कामगारांच्या देण्यांचा प्रश्न तरी उभा राहिला. क्लब बंद पडतो तेव्हा सतरा-अठरा वर्षांच्या अकादमीतल्या पोराचे देणे कोणाच्याच वहीत नोंदलेले नसते.

या सगळ्यावर सर्वांत बोलके भाष्य केले ते ऐजॉलने. २०१५-१६ च्या आय-लीगमध्ये नऊ संघ होते. नववा, म्हणजे शेवटचा, आला पुण्याचा शिवाजियन्स. पण पैसे भरून थेट प्रवेश मिळविलेल्या संघाला पदावनतीपासून संरक्षण होते. तेव्हा खाली ढकलला गेला आठवा आलेला ऐजॉल. आदल्याच वर्षी दुसऱ्या विभागातून खेळाच्या जोरावर वर आलेल्या संघाने शेवटच्या क्रमांकाच्या धनिकासाठी जागा रिकामी करावी, याला क्रीडानीती म्हणावयाचे काय? सुदैवाने नियतीला विनोदबुद्धी असते. त्याच उन्हाळ्यात सुपर लीगला वरचे आणि आय-लीगला खालचे स्थान देण्याची योजना पुढे आली व तिच्या निषेधार्थ गोव्याच्या साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो या क्लबांनी माघार घेतली. जागा रिकाम्या झाल्या, ऐजॉलला परत बोलाविण्यात आले आणि एप्रिल २०१७ मध्ये तोच संघ देशाचा विजेता झाला! त्याचे प्रशिक्षक होते खालिद जमील. मुंबई एफ.सी.ला सात वर्षे सांभाळून ते आदल्याच वर्षी तेथून बाहेर पडले होते. त्याच हंगामात मुंबई एफ.सी. तळाला गेला, त्याची पदावनती झाली आणि तो संघही इतिहासजमा झाला. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये जमील यांची भारतीय संघाच्या प्रशिक्षकपदी नियुक्ती झाली.

२०११ च्या जनगणनेनुसार साऱ्या मिझोरामची लोकसंख्या सुमारे ११ लाख आहे. एकट्या धुळे जिल्ह्याची २० लाखांवर आहे आणि जळगाव जिल्ह्याची ४२ लाखांवर. म्हणजे धुळ्याच्या निम्म्या लोकवस्तीतून देशाचा विजेता उभा राहिला. मिझो मुलांच्या पायांत काही अद्भुत आहे असे म्हणून सुटका करून घेणे सोपे आहे. पण त्या राज्याने २०१२ मध्ये स्वतःची लीग सुरू केली आणि दोन वर्षांत संतोष चषक जिंकला, ही घटनाक्रमाची नोंद त्या समजुतीच्या आड येते. दरवर्षी, ठरलेल्या महिन्यांत, ठरलेल्या मैदानावर सामने होतात, आणि लोक तिकीट काढून ते पाहतात, एवढेच त्या यशाचे रहस्य आहे.

गोव्याचा धडा थोडा निराळा आहे. पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला धेंपो २०१४-१५ मध्ये खाली घसरला, पुढच्या वर्षी दुसरा विभाग जिंकून बढतीस पात्र झाला आणि मग निषेधार्थ बाहेर पडला. पुण्याचा एखादा संघ असता तर गोष्ट येथेच संपली असती. धेंपो संपला नाही. तो गोव्याच्या लीगमध्ये खेळत राहिला, मुले घडवीत राहिला आणि २०२४ मध्ये तिसऱ्या श्रेणीतून वर चढून पुन्हा आय-लीगमध्ये आला. त्यालाही उद्योगपतीचेच नाव आहे, तेव्हा दोष केवळ भांडवलाच्या माथी मारता येत नाही. परंतु त्याच्या पायाशी गावोगावच्या क्लबांची आणि मैदानांची लीग होती. राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडल्यावर उभे राहावयास खाली जमीन होती. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि कोल्हापूर सोडले तर ही जमीन कितपत आहे?

सप्टेंबर २०१७ मध्ये, सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक नवी मुंबईत येणार म्हणून, राज्य शासनाने दहा लाख मुलांना एकाच दिवशी मैदानात उतरविण्याचा उपक्रम केला. शाळाशाळांत चेंडू वाटण्यात आले. उत्साह खोटा नव्हता. पण विश्वचषक संपला, चेंडूंतील हवा गेली आणि ते कपाटात जाऊन बसले, हा अनुभव अनेक शिक्षकांच्या परिचयाचा असेल. शालेय स्पर्धा दरवर्षी होतात; तालुका, जिल्हा, नाशिक विभाग आणि मग राज्य, अशी ती उतरंड आहे. बाद पद्धतीच्या या स्पर्धेत जळगावचा एखादा संघ पहिल्याच सामन्यात हरला तर त्याचे वर्ष एका दुपारी संपते. जो जिंकतो त्याला क्रीडागुणांचा दाखला मिळतो, पुढे कदाचित शासकीय नोकरीतील पाच टक्के आरक्षणाचा लाभ. दाखला उपयोगी आहे, त्याची हेटाळणी करण्याचे कारण नाही. पण दाखला मिळताच बूट खुंटीला लागतात, कारण दाखल्याच्या पुढे खेळाडूला जाण्यासाठी ठिकाणच नाही.

क्रिकेटची गोष्ट वेगळी आहे. तेथे वाट लांब असली तरी दिसते. फुटबॉलच्या मुलाला जळगावहून चारशे किलोमीटरांवरील मुंबई गाठल्याखेरीज नियमित लीग दिसत नाही आणि गाठल्यावर कोणता क्लब पुढील वर्षी शिल्लक असेल याची शाश्वती नाही. मैदाने नाहीत असेही नव्हे. जळगावचे सागर पार्क आहे, धुळ्याचे गरुड मैदान आहे, भुसावळला रेल्वेची मैदाने आहेत. मैदान मोकळे राहते केव्हा, हा खरा प्रश्न. सभा, प्रदर्शने, मेळावे आणि क्रिकेट यांना वेळ देऊन जे उरते ते फुटबॉलच्या वाट्याला येते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील महाविद्यालये, पोलीस, रेल्वे आणि स्थानिक मंडळे यांचे आठ-दहा संघ घेऊन ऑक्टोबर ते जानेवारी अशी साखळी लीग चालविण्यास कोणा उद्योगसमूहाची कोट्यवधींची थैली लागत नाही. लागते ती नगरपालिका, विद्यापीठ आणि जिल्हा संघटना यांनी एकत्र बसून केलेली तारखांची यादी, आणि त्या तारखांना मैदान दुसऱ्या कोणाला न देण्याचा निर्धार. वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनने अशा विभागीय विजेत्यांना राज्याच्या लीगमध्ये खेळूनच वर जाण्याची संधी दिली, तर शिडीची निदान खालची पायरी बसेल.

वरच्या पायऱ्यांची अवस्था मात्र भरवसा वाटावा अशी नाही. २०१९ मध्ये आशियाई महासंघाच्या साक्षीने ठरलेल्या आराखड्यानुसार आय-लीगच्या विजेत्याला सुपर लीगची दारे उघडली गेली. २०२३ मध्ये पंजाब आणि २०२४ मध्ये मोहमेडन स्पोर्टिंग असे रीतसर वर गेले. जुलै २०२५ मध्ये इंटर काशीला न्याय मिळाला, परंतु ज्या लीगचे दार त्याच्यासाठी उघडले होते तिचाच हंगाम त्याच महिन्यात स्थगित झाल्याचे जाहीर झाले, कारण महासंघ आणि व्यापारी भागीदार यांच्यातील १५ वर्षांचा करार डिसेंबरात संपत होता आणि नव्याचा पत्ता नव्हता. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२५ साल सरले तरी त्या हंगामाचा पहिला सामना झाला नव्हता.