सीमेवरचा तरुण आणि आपली जबाबदारी

घोलवड म्हटले की चिकू आठवतो. २०१६ साली या फळाला भौगोलिक मानांकन मिळाले आणि गावाचे नाव दूरवर पोहोचले. परंतु घोलवडपासून गुजरातची हद्द हाकेच्या अंतरावर आहे, ही बाब येथील काही तरुणांच्या आयुष्यात अधिक निर्णायक ठरते. गुजरात राज्यात १९६० मधील स्थापनेपासून दारूबंदी आहे. मात्र त्याच्या या टोकाला एकीकडे दमण, दुसरीकडे सिल्वासा, आणि तेथे दारू स्वस्त. ती चोरून नेणाऱ्यांना माणसे लागतात. शाळा सुटलेला, हाताला काम नसलेला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा त्यांना सर्वांत सोयीचा वाटतो.

या मुलाला कायदा काय म्हणतो, हे त्याच्या पालकांना सहसा ठाऊक नसते. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे धोरण दंडापेक्षा सुधारणेचे आहे. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांनुसार बालकाचा गुन्हा गंभीर स्वरूपाचा नसेल, तर प्रथम खबर न नोंदवता ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करावी, असे सांगितले आहे. परंतु गुन्हा प्रौढांच्या सोबतीने घडला असेल, तर ही सवलत उरत नाही. दारूची खोकी वाहणारा मुलगा एकटा कधीच नसतो. त्याच कायद्याचे कलम ७८ मुलांकडून दारू वाहून नेणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगते. ही माहिती दारूच्या अड्ड्यावर आणि पाड्यावर दोन्हीकडे पोहोचली पाहिजे.

दुसरे संकट जमावाचे आहे. १६ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीच्या काळात, आपल्याच डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे मुले पळविणारे आल्याच्या अफवेतून दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांची निर्घृण हत्या झाली. पहिल्या फेरीत पकडलेल्या शंभरावर लोकांत नऊ अल्पवयीन होते. या मुलांना सराईत गुन्हेगार कोण म्हणेल? अफवेच्या रात्री त्यांना घरी थांबवील असे ज्याचे ऐकावे, असा वडीलधारा मात्र त्यांच्याजवळ नव्हता, असे आम्हांस वाटते.

त्या घटनेनंतर पालघर पोलिसांनी 'जनसंवाद अभियान' सुरू केले आणि पोलीस कर्मचाऱ्यांना गावे वाटून दिली. ज्या वस्तीत खाकी गणवेश केवळ छाप्याच्या वेळी दिसतो, तेथे तो गप्पा मारायला येणे ही मोठीच गोष्ट होय. अशा उपक्रमांचा विस्तार व्हावा, याविषयी दुमत नाही. प्रश्न आहे तो विस्ताराच्या दिशेचा. व्याख्याने व शिबिरे बहुधा शाळेच्या सभागृहात होतात. तेथे बसलेला विद्यार्थी तुलनेने सुरक्षित असतो. ज्याची खरी काळजी करावी, तो दिवाळीनंतर आईवडिलांसोबत वीटभट्टीवर गेलेला असतो, मासेमारी बोटीवर खलाशी असतो, किंवा नाक्यावर रिकामा उभा असतो.

या अडचणीवरचे उत्तर घोलवडजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर पूर्वीच सापडले होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले आणि पुढे ते कोसबाडला नेले. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत, असे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा म्हणून तो प्रयोग ओळखला जातो. आजचे कुरण म्हणजे नाका, बंदर आणि वीटभट्टी.

संत डॉन बॉस्को यांनीही हेच केले. १८४१ मध्ये धर्मगुरू झाल्यावर ते तुरीनच्या तुरुंगांत जाऊ लागले. सुटलेली मुले पुन्हा तेथेच परत येताना पाहून त्यांनी बाहेरच त्यांच्यासाठी जागा उभी केली: खेळ, प्रार्थना, आणि कारागीर मालकांशी लेखी करार करून मिळवून दिलेले काम. या लेखी कराराकडे आपण फारसे लक्ष देत नाही. आपल्याकडे उपदेश मुबलक, काम तुटपुंजे. 'गुन्हेगारी प्रतिबंध' असा फलक लावला तर एकही मुलगा फिरकणार नाही. व्हॉलीबॉलचे जाळे, वाहन परवान्याची तयारी किंवा वायरमनचे काम शिकविणारा संध्याकाळचा वर्ग असेल, तर येईल.

हे सारे धर्म न पाहता आणि ग्रामसभेला विश्वासात घेऊन व्हावे. ख्रिस्ती संस्थांच्या हेतूंविषयी या भागात शंका घेतल्या जातात. उघडपणे केलेले काम हेच त्यांना उत्तर. शिवाय डहाणू व तलासरी अनुसूचित क्षेत्रात मोडतात आणि पेसा कायद्यानुसार दारूच्या प्रश्नावर ग्रामसभेचा शब्द वजनदार आहे.

आत्मपरीक्षणही हवे. आपल्या वसतिगृहांनी आदिवासी समाजाला शिक्षक, परिचारिका, धर्मभगिनी दिल्या, याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु दहावीत नापास झालेला मुलगा पेटी उचलून पाड्यावर परततो, तेव्हा तो आपल्या नोंदवहीतूनही नाहीसा होतो. निकालानंतरच्या रविवारी उपासनेनंतर उत्तीर्ण विद्यार्थ्यांचा सत्कार होतो, छायाचित्रे निघतात. त्याच आठवड्यात अनुत्तीर्णांच्या घरी कोणी जावे, याचे नियोजन मात्र अद्याप आमच्या पाहण्यात आलेले नाही.